सज्जता-प्रमुखाचा कागदी पेला

१२ जानेवारी, सोमवार

आजपासून मी स्कार्वविकचा सज्जता-प्रमुख. तीस वर्षं बंदराच्या कचेरीत बसून कुठली बोट कुठल्या धक्क्याला बांधायची ते ठरवलं, आणि आज महापौर तुरिडने सगळ्यांसमोर नवीन ओळखपत्र माझ्या गळ्यात घातलं. फोटोत एक डोळा मिटलेला आहे, पण पदनाम ठळक आहे.

मोठ्या पदावरच्या माणसाने नोंदी ठेवाव्यात, म्हणून ही वही. इतिहासकारांना पुढे उपयोग होईल. हे मी बोर्गिलला सांगितलं, तर ती म्हणाली, "इतिहासकार येईपर्यंत शेगडीतली राख तरी टाकून ये, ओडमुन." बायकोला पदाचं महत्त्व कळायला थोडा वेळ लागतो.

प्रकरण असं आहे. राजधानीच्या उत्तर-सज्जता समितीला आमच्या किनाऱ्यावर टेहळणी केंद्र उभारायचं आहे. डोंगरावर पांढरा घुमट, आत रडार, आणि चौदा कायमच्या नोकऱ्या. ते आमच्याकडे येणार, नाहीतर फ्योर्डच्या अरुंद खाडीपलीकडे नूरबोत्नला जाणार. आमच्या शाळेत आता एकोणीस मुलं उरली आहेत, नूरबोत्नच्या शाळेत तेवीस. त्या लोकांबद्दल मला आकस नाही, पण जी माणसं माशाच्या रश्श्यात साखर घालतात त्यांच्या हाती देशाचं संरक्षण देऊ नये.

आणखी एक गोष्ट फक्त इथं लिहितो. त्या चौदा खुर्च्यांपैकी एक माझ्या सिग्रूनला मिळावी. मुलगी एकोणतीस वर्षांची आहे आणि 'टेर्ना' नावाच्या साडेदहा मीटरच्या बोटीवर एकटीच कॉड मासे पकडते. माझे वडील समुद्रावर गेले ते परत आले नाहीत. मला बोट लागते, म्हणून मी कचेरीत गेलो आणि जगलो. तिला कोणत्याच बोटीत मळमळत नाही, हे तिचं दुर्दैव.

संध्याकाळी मासळीच्या शेडमधल्या कॉफीच्या खोलीत गेलो. तिथं भिंतीवर खुंट्या आहेत आणि समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाचा कप आपापल्या खुंटीला टांगलेला असतो. मला तीस वर्षं कागदी पेला मिळतो. आज पदोन्नतीच्या दिवशीही जोरूनने कागदी पेलाच पुढे केला. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, खोली तीच चालवते. मी ओळखपत्र जरा पुढे ओढलं.

"डोळ्याला काय झालं?" तिने विचारलं.

१५ जानेवारी

समितीची प्रश्नावली आली, सत्तेचाळीस पानांची. वर लाल अक्षरात 'गोपनीय' छापलेलं आहे. कचेरीचा प्रिंटर बंद असल्यामुळे मी ती दुकानात एडनीच्या यंत्रावर छापून घेतली. एडनी अगदी विश्वासू बाई आहे. कागद बाहेर येतात तसे ती चष्मा लावून एकेक सरळ करते, कोपरे जुळवते, पण वाचत मात्र नाही. तिनेच मला तसं सांगितलं.

दुपारी कॉफीच्या खोलीत जोरून म्हणाली, "काय रे, पान एकतीसवर धक्क्याबद्दल विचारलंय म्हणे?" या बाईची अंदाज बांधण्याची शक्ती थक्क करणारी आहे.

पान एकतीसवर खरोखरच धक्क्याबद्दल विचारलं आहे. केंद्राच्या गस्ती नौकेला बारमाही मोकळा, आडोशाचा धक्का हवा. आमच्याकडे तसा एकच आहे आणि तिथं बचावबोट उभी असते. नूरबोत्नला तसे दोन आहेत, एक तर सात वर्षं रिकामाच पडलाय. पण हे समितीने विचारलेलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं हा उद्धटपणा होय.

पुढच्या पानावर गावातल्या सोयींची यादी करून प्रत्येकीपुढे शेरा मारायचा आहे. 'बचावबोट' या ओळीवर मी बराच वेळ थांबलो. समितीने दोनच पर्याय दिले होते: 'संरक्षणास आवश्यक' आणि 'हलवण्याजोगी'. बोटीवर बंदूक नाही. सहा तासांवरच्या शहरातल्या बंदरात ती सुखाने उभी राहील. 'हलवण्याजोगी'वर खूण केली.

२१ जानेवारी

सूर्य आला. दोन महिन्यांनी डोंगराच्या खांद्यावर पाऊण मिनिट दिसला. शाळा सुटली, मुलं भांडी बडवत टेकडीवर गेली, आणि बोर्गिलने सूर्याचे गोड पाव केले. सिग्रून जेवायला आली होती. उकडलेला कॉड, कलेजी, गाभोळी. मी विषय काढला.

"गरम खोली. फिरती खुर्ची. समोर पडदा, त्यावर अख्खा समुद्र दिसतो."

"समुद्र मला आत्ताही दिसतो, बाबा."

"ओलं व्हावं लागत नाही."

"मग तो समुद्र कसला? टीव्ही झाला." तिने माझ्या ताटातली गाभोळी उचलली. "आणि बचावबोट हलवणार आहेस, ते खरं का?"

मी सांगितलं की तो विषय गोपनीय आहे. ती जेवत राहिली. जाताना आईला मिठी मारली, आणि मला म्हणाली, "तुझं ओळखपत्र रश्श्यात बुडलंय."

२ फेब्रुवारी, सोमवार

सुरक्षेच्या नियमावलीत कलम नऊ सापडलं: 'नौकांच्या हालचालींची माहिती सार्वजनिक जागी लावू नये.' वाचून अंगावर काटा आला. आमच्या शेडमध्ये गेली ऐंशी वर्षं नेमकं तेच चालू आहे!

दाराशी एक फळा आहे. प्रत्येक बोटीची लाकडी पाटी खिळ्याला लावलेली. निघताना पाटीचं तोंड भिंतीकडे फिरवायचं, परत आल्यावर सरळ करायची. एखादी पाटी भिंतीकडे तोंड करून राहिली तर शेडमधून कोणी घरी जात नाही. पद्धत जुनी आणि भावनाप्रधान आहे, पण शत्रूचा हेर दारातून डोकावला तर एका नजरेत सगळं समजेल. मी स्क्रू काढले, फळा काखेत घेतला आणि कचेरीच्या लोखंडी कपाटात बंद केला. किल्ली माझ्याकडे.

कोळी फार बोलले. ते शब्द इथं लिहीत नाही.  जोरून मात्र नुसती उभी राहून टांगलेल्या कपांकडे एकेक करून बघत होती, ओठ हलवत. वय झालं बिचारीचं.

४ फेब्रुवारी

फळ्याच्या जागी मोबाइलवरची प्रणाली सुरू केली. निघताना एक बटण, पोचल्यावर दुसरं बटण. पडद्यावर बोट लाल होते, मग हिरवी. माहिती फक्त माझ्याकडे.

सिग्रूनचा फोन आला. "उणे चौदात हातमोजे काढून बटण दाबायचं? तेही दोनदा? तू एकदा येऊन दाबून दाखव."

नव्याला विरोध होतोच.

१० फेब्रुवारी

शंभर टक्के! एकाही बोटीची नोंद चुकलेली नाही. एकच किरकोळ दोष दिसतो: प्रत्येक बोटीचं आगमन निघाल्यानंतर मिनिटाभरातच नोंदलं जातं. टेर्ना पाच चाळीसला निघाली आणि पाच चाळीसलाच पोचली. घड्याळ नीट लागलेलं नसावं. प्रणालीवाल्यांना तक्रार पाठवली आहे. दिवसभर पडदा हिरवागार होता, बघून समाधान वाटलं.

१३ फेब्रुवारी

बचावबोटीच्या कप्तानाला, आन्सगारला, तिसरं पत्र दिलं. तेवीस तारखेला समितीचे कमांडर येणार, मित्रदेशांच्या युद्धसरावाची जहाजंही त्याच आठवड्यात बाहेर असणार. आपला धक्का मोकळा आणि झाडलेला दिसला पाहिजे.

"इंजिनाचा पट्टा यायचाय," आन्सगार म्हणाला.

"मागच्या पत्राच्या वेळी पंप यायचा होता."

"तो आला. आता पट्टा."

"बोट काल फ्योर्डात फिरताना मी स्वतः पाहिली!"

"पट्ट्याशिवाय किती हाल होतात ते बघत होतो."

नाचता येईना अंगण वाकडं. असल्या माणसांच्या जिवावर गावाची प्रगती अडते.

२३ फेब्रुवारी, सोमवार

कमांडर व्हिंगार आले. देखणे गृहस्थ, चहा पितात. जोरूनने त्यांना पाहताच, "ये घोड्या, आत ये, गारठशील," म्हणून स्वागत केलं. इथं हा लाडाचा शब्द आहे, पण दक्षिणेत कोर्टात खेचतात. मी मध्ये पडून तो हुद्दा असल्यासारखं काहीतरी बोललो. त्यांनाही कागदी पेला मिळाला. मला बरं वाटलं.

सभागृहात त्यांनी भलामोठा पडदा उभारला. अख्खा बॅरेंट्स समुद्र, दोनशे मैलांपर्यंत. निळे ठिपके आपले, लाल ठिपके खोटे शत्रू. मी अभिमानाने पाहत राहिलो. मग सहज विचारलं, "आमच्या बोटी कुठे आहेत?"

"त्या गाळल्यात," कमांडर म्हणाले. "दहा-बारा मीटरचे ठिपके ठेवले तर चित्र मळतं. प्राधान्यक्रम, ओडमुनसाहेब! सगळं पाहायचं म्हटलं की काहीच दिसत नाही."

वाक्य इतकं आवडलं की लगेच लिहून घेतलं. उद्या दुपारी अंतिम सादरीकरण आहे. आन्सगारने अखेर बोट इंधनाच्या धक्क्याला नेली, उद्या सकाळी शहराकडे निघतो म्हणाला. काट्यासारखा सलत होता, गेला एकदाचा.

२४ फेब्रुवारी

हातात पेन धरवत नाही. सिग्रून जिवंत आहे. एवढंच.

२६ फेब्रुवारी

आता लिहितो. इतिहासकारांनी वाटल्यास हे पान फाडावं.

मंगळवारी सकाळी ईशान्येचा वारा उठला, उणे सोळा. तीन वाजता माझं सादरीकरण चालू होतं. एका पडद्यावर कमांडरांचा समुद्र, दुसऱ्यावर माझी प्रणाली. अकराही बोटी हिरव्या. तुरिड पहिल्या रांगेत बसली होती आणि मान डोलावत होती. मी म्हणत होतो, "पाहू शकता, आपला संपूर्ण ताफा या क्षणी बंदरात सुखरूप आहे."

दार उघडलं. जोरून अ‍ॅप्रनवरच आली होती, हातात एक निळा कप.

"सिग्रूनचा कप कोरडा आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "जोरून, सभा चालू आहे."

"दोनला परत येते ती. अडीचला कप धुवायला पडतो. तीन वाजून गेले, कप कोरडा आहे."

"प्रणालीत बघ. टेर्ना हिरवी आहे. ती पोचली आहे."

"प्रणालीला कॉफी लागत नाही, ओडमुन. सिग्रूनला लागते."

मागच्या रांगेत कोळी बसले होते, वाऱ्यामुळे लवकर परतलेले. त्यांतला एक हळूच म्हणाला, "अरे, आम्ही सगळेच दोन्ही बटणं एकदम दाबतो. निघतानाच. पुन्हा हातमोजे कोण काढणार?"  मी पडद्याकडे पाहिलं. पाच चाळीस, पाच चाळीस. चौदा दिवस मी घड्याळाला दोष देत होतो.

कमांडरांना विचारलं, ती कुठे आहे? ते बोटांनी भराभर काहीतरी दाबत राहिले. गाळलेले ठिपके परत आणायला दुसऱ्या विभागाची परवानगी लागते, म्हणाले. वाईट माणूस नाही, त्यांचाही चेहरा उतरला होता. बाहेर वीस युद्धनौका खोट्या पाणबुडीमागे फिरत होत्या आणि सरावासाठी दिशादर्शक लहरी त्या दिवशी मुद्दाम बिघडवलेल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

जोरून म्हणाली, "आन्सगार गेलेला नाही. मी त्याच्यासाठी वॅफल करायला घेतली होती. पीठ फुगायला वेळ लागतो म्हणून सांगून ठेवलंय सकाळपासून."

वॅफलचं पीठ फुगवत नाहीत. हे मला आत्ता, लिहिताना सुचतंय.

मी बोटीत कसा चढलो ते आठवत नाही. छत्तीस वर्षांत चढलो नव्हतो. बंदराच्या तोंडातून बाहेर पडताच पहिल्यांदा ओकलो, मग मोजायचं सोडलं. पाण्याचे शिंतोडे बोटीवर पडता पडताच गोठत होते. कठड्याच्या दांड्या मांडीएवढ्या जाड झाल्या. आन्सगारने माझ्या हातात लाकडी मोगरी दिली आणि ओरडला, "हाण! बर्फ वर साचलं की बोट उलटते! ओकत ओकत हाण!" मी हाणत सुटलो. वडील गेले ते असंच गेले होते, हे मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही.

टेर्ना अकरा मैलांवर सापडली, एका बाजूला कललेली. इंजिनात पाणी शिरलेलं, वीज गेलेली, बर्फाच्या भाराने अँटेना मोडून पडलेली. सिग्रून सकाळी दहापासून एकटी मोगरी चालवत होती. दोन वेळा दूरवरून युद्धनौका गेली, तिने मशाल पेटवली, पण नौकेवरच्यांना तो सरावाचाच भाग वाटला असावा. आम्ही तिला ओढून घेतलं. पापण्यांवर बर्फ होतं. मला पाहून ती घाबरली.

"बाबा? तू बोटीत? कोण मेलं?"

 मी तिचे हात माझ्या सदऱ्यात, पोटाशी धरले. सादरीकरणाचा सदरा होता. डाव्या करंगळीचं टोक गेलं, बाकी बोटं वाचली, असं डॉक्टर म्हणाले. धक्क्यावर अख्खं गाव मोगऱ्या घेऊन उभं होतं. बोट लागताच सगळे एकदम बर्फावर तुटून पडले. बोर्गिल मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२७ फेब्रुवारी

लोखंडी कपाट उघडलं. फळा परत दाराशी लावला. दोन स्क्रू हरवले होते, म्हणून थोडा वाकडा बसलाय. कलम नऊचं जे व्हायचं ते होवो.

३ मार्च, मंगळवार

सरावाचा अहवाल आला, एडनीकडे छापून घेतला. 'टेहळणी चित्र संपूर्ण व अचूक. त्रुटी: शून्य.' कमांडरांनी सोबत खाजगी चिठ्ठी लिहिली आहे: मुलगी कशी आहे? आणि समितीचं मत स्कार्वविककडे झुकलं आहे. सज्जता-प्रमुखाची अंतिम शिफारस शुक्रवारपर्यंत हवी, बचावबोट हलवल्याच्या सहीसकट.

तुरिडने माझ्या गालाचा मुकाच घेतला. "चौदा नोकऱ्या, ओडमुन! शाळा वाचली!"

घरी येऊन सिग्रूनसमोर बसलो. हात पट्ट्यांत गुंडाळलेले, आई घास भरवत होती. म्हटलं, "खुर्ची पक्की झाली. फिरती. उद्यापासून समुद्रावर जायचं कारण नाही."

"बोटं बरी झाली की मी टेर्ना बाहेर काढणार," ती म्हणाली.

"मी तुझा बाप आहे."

"म्हणूनच तर तू आलास." मग घास गिळून: "तू किती ओकलास ते आन्सगारने सांगितलं. अख्ख्या शेडला सांगितलं. मी रडले, बाबा. हसले आणि रडले."

ती जाणारच. मी काहीही केलं तरी जाणार. रात्रभर कूस बदलत हाच विचार केला.

६ मार्च, शुक्रवार

शिफारस लिहिली. आयुष्यात इतकं कठीण काही लिहिलेलं नाही.

'नूरबोत्न येथे आडोशाचे दोन धक्के असून एक सात वर्षे रिकामा आहे.' हे खरं आहे. 'तेथील डोंगर आमच्या डोंगरापेक्षा चाळीस मीटर उंच आहे.' हेही खरं आहे, लहानपणापासून आम्ही नाकारत आलो. 'तेथील लोक कष्टाळू, विश्वासू व आतिथ्यशील आहेत.' इथं पेन खाली ठेवून एक फेरी मारून आलो. साखरेबद्दल लिहिलं नाही. शेवटी: 'स्कार्वविकची बचावबोट: हलवण्याजोगी हा शेरा माझी चूक. ती आवश्यक आहे.' खाली सही केली.

वर मोठ्या अक्षरात 'अतिगोपनीय' लिहिलं. तुरिडला कळलं तर माझी धडगत नाही, आणि गावाला कळलं तर चौदा नोकऱ्या घालवणारा माणूस म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नाव घेतील. हे मी, पाकीट आणि ही वही, एवढ्यांतच राहील.

एडनीकडे छापताना तिच्या चष्म्यावर धुकं आलं होतं. दुकान फार गरम ठेवते. आज तिने मला एक गोड पाव फुकट दिला, कशाबद्दल कोण जाणे.

२० मार्च

निर्णय लागला. घुमट नूरबोत्नला. तुरिडने सभेत टेबलावर मूठ आपटली. "हातातोंडाशी आलेला घास! काय लिहिलंस तू त्यांना? बोल!"

"गोपनीय आहे," मी म्हणालो.

माझं पद गेलं. सोमवारपासून पुन्हा बंदराच्या कचेरीत. ओळखपत्र परत घेतलं, फोटोतला डोळा शेवटपर्यंत उघडला नाही. सभेत कोळ्यांपैकी एकानेही माझ्यावर तोंड टाकलं नाही. इतके रागावलेत की बोलायचीही इच्छा उरली नसावी. ते बरोबरच आहे.

२४ मार्च, मंगळवार

टेर्ना आज पहिल्यांदा बाहेर गेली. पाच चाळीसला पाटी भिंतीकडे फिरली. दोनला परत येणार होती, मी एक वाजल्यापासून फळ्यासमोर उभा होतो. कोणी विचारलं तर स्क्रू घट्ट करतोय असं सांगायचं ठरवलं होतं. कोणी विचारलं नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी तिने आत येऊन नऊ बोटांच्या आणि एका आखूड करंगळीच्या हातांनी पाटी सरळ केली.

कॉफी प्यायला आत गेलो. कागदी पेला घ्यायला नेहमीच्या फडताळाशी वळलो, तर फडताळ रिकामं. जोरूनने न बघताच भिंतीकडे बोट दाखवलं. सिग्रूनच्या निळ्या कपाशेजारी नवीन खुंटी ठोकलेली होती आणि तिला एक पांढरा कप. त्यावर माझं नाव, एडनीच्या यंत्रावर छापलेल्या चिकटपट्टीवर.

सगळे आपापल्या कपात बघत होते. मी कॉफी ओतून घेतली आणि कोणाला काही विचारलं नाही.

कागदी पेले संपले असावेत. उद्या दुकानातून आणून द्यायला हवेत.